माप सापडले की सील सापडते

जुन्या मोटारीचे सुकाणू, एक रबरी कडे आणि भिलाईसारख्या औद्योगिक नगरीचा आधार

तीस-चाळीस वर्षांची मोटार जिवापाड सांभाळणाऱ्या माणसाला इंजिनाची फारशी धास्ती नसते. इंजिन उघडून पुन्हा बांधणारे कसबी कारागीर आजही बहुतेक शहरांत आहेत. पत्रा ठोकून सरळ होतो, रंग नव्याने चढवता येतो, आसनांना नवे कापड घालता येते. त्याची खरी कसोटी लागते ती एखाद्या लहानशा, किरकोळ किमतीच्या आणि बाजारातून नाहीशा झालेल्या भागापाशी. स्टिअरिंग बॉक्समधील तेल रोखून धरणारे ‘ऑइल सील’ हा असाच एक भाग आहे. आकाराने रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे असलेले हे कडे निकामी झाले की गाडीखाली तेलाचे थेंब दिसू लागतात, आणि ते मिळाले नाही तर एरवी धडधाकट असलेली मोटार घराच्या पडवीत उभी राहते.

या छोट्या भागाचा शोध हा वरवर पाहता हौशी मंडळींपुरता विषय वाटेल. परंतु त्यात सुरक्षिततेचा प्रश्न आहे, कुटुंबाने जपलेल्या एका वस्तूच्या भवितव्याचा प्रश्न आहे आणि शोध कसा घ्यावा याचा एक व्यवहारी धडाही आहे.

भिलाईच्या छायेतील जुनवानी

छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यातील जुनवानी हे मूळचे खेडे. भिलाई नगरी वाढत गेली तसे ते तिच्या विस्तारात सामावून गेले. आज अभियांत्रिकी महाविद्यालयामुळे आणि नव्या वसाहतींमुळे ते नाव परिसरात सर्वपरिचित आहे. भिलाईचा स्वतःचा इतिहास मात्र पोलादाचा आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात येथील पोलाद कारखान्यासाठी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येथे कामाला आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून या मुलखाशी मराठी माणसाचा संबंध होताच. कारखान्याने तो नव्याने जोडला.

नोकरीच्या काळात मोठ्या हौसेने घेतलेली फियाट किंवा ॲम्बेसेडर निवृत्तीनंतरही न विकता जपून ठेवणारी घरे अशा औद्योगिक नगरींत आढळतात. अशा गाडीची किंमत तिच्या बाजारभावाने ठरत नाही. त्या गाडीतून मुले प्रथम शाळेत गेलेली असतात, नव्या सुनेने त्याच गाडीतून घरात प्रवेश केलेला असतो. म्हणूनच ‘भाग मिळत नाही, आता काढून टाका’ हे गॅरेजमधील एक वाक्य त्या घराला फार लागते.

सुदैवाने हे वाक्य बहुधा अपुऱ्या शोधावर आधारलेले असते. ते कसे, हे समजण्यासाठी प्रथम या कड्याचे काम समजून घेणे आवश्यक आहे.

सीलचे काम

चालकाच्या हातातील चक्र फिरले की त्याच्या दांड्याच्या खालच्या टोकाचा मळसूत्री भाग फिरतो. हा भाग एका बंद पेटीत असतो. त्याला दात्यांचा एक तुकडा किंवा रोलर भिडलेला असतो. त्याला जोडलेला आडवा दांडा, म्हणजेच शाफ्ट, पेटीबाहेर येतो. त्याच्या टोकाला ‘ड्रॉप आर्म’ बसवलेला असतो आणि तेथून पुढे सांध्यांमार्फत चाके वळतात. पेटीतील दाते झिजू नयेत म्हणून तीत घट्ट गिअर ऑइल भरलेले असते. शाफ्ट जेथून बाहेर पडतो तेथे तेल बाहेर येऊ न देणे आणि धूळ-पाणी आत जाऊ न देणे, एवढेच सीलचे काम.

सीलची रचना साधी पण विचारपूर्वक केलेली असते. बाहेरून धातूचे कडे, त्यावर किंवा त्याच्या आत रबर, आणि आतील बाजूस शाफ्टला टेकणारी बारीक कड. या कडेला ‘ओठ’ म्हणतात. ओठामागे बारीक तारेची गोल स्प्रिंग असते. ती ओठाला शाफ्टवर हलकेच आवळून धरते. काही सीलना धूळ रोखण्यासाठी बाहेरच्या अंगाला दुसरा ओठही असतो.

इंजिनातील शाफ्ट मिनिटाला हजारो फेरे घेतो. स्टिअरिंगचा शाफ्ट केवळ थोडासा पुढे-मागे वळतो. त्यामुळे येथील सील घर्षणाने झिजण्यापेक्षा वयाने कडक होऊन निकामी होण्याचा संभव अधिक असतो. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की ओठ एकाच जागी टेकून राहतो, रबराची लवचिकता जाते आणि एके दिवशी गाडी हलवताच तेल झिरपू लागते. ‘गाडी तर फिरवलीच नाही, मग सील गेले कसे?’ या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे.

गळतीकडे दुर्लक्ष करण्याचे परिणाम मात्र फरशीवरील डागापुरते राहत नाहीत. पेटी कोरडी पडली की दाते आणि बुश झिजतात, स्टिअरिंग जड होते, चक्रात ढिलाई येते आणि गाडी सरळ रेषेत धरून ठेवणे कठीण होते. सुकाणूतील दोष हा वळणावर, समोरून ट्रक येत असताना लक्षात येण्याजोगा दोष आहे. काही जण तेलाऐवजी पेटीत घट्ट ग्रीस भरून गळती थांबवतात. त्यासाठी आखलेली नसलेली पेटी असेल तर ग्रीस दात्यांपासून बाजूला सरते व परत येत नाही, आणि झीज गुपचूप चालू राहते.

चामड्यापासून कृत्रिम रबरापर्यंत

मोटारीच्या आरंभीच्या काळात तेल रोखण्यासाठी नमद्याची किंवा चामड्याची कडी वापरली जात. जर्मनीतील फ्रॉयडेनबर्ग ही मुळात चामडे कमावणारी कंपनी. १९३० च्या दशकात वॉल्टर झिमर या तेथील अभियंत्याच्या नावावरून ‘झिमरिंग’ म्हणून ओळखली जाणारी सील तेथे तयार होऊ लागली. त्याच दशकात जर्मनीत तेलाला दाद न देणारे नायट्राइल हे कृत्रिम रबर विकसित झाले आणि चामड्याची जागा हळूहळू रबराने घेतली.

या इतिहासाला आजही व्यवहारी अर्थ आहे. १९३० पूर्वीच्या अतिजुन्या मोटारीत मुळात रबरी सील नव्हतेच, तर त्याचा शोध घेणे व्यर्थ आहे. तेथे योग्य जाडीचा दाट नमदा तेलात भिजवून बसवणे किंवा चामड्याचे कडे कापून घेणे हाच मूळ रचनेला धरून असलेला उपाय ठरतो. १९५० नंतरच्या, म्हणजे आपल्याकडील बहुसंख्य जुन्या गाड्यांना मात्र रबरी सील असते आणि त्याचा शोध निराळ्या दिशेने घ्यावा लागतो.

भाग दुकानातून नाहीसे का होतात?

सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. मुंबईत कुर्ल्याला त्यांचा कारखाना उभा राहिला. इटलीच्या फियाट कंपनीच्या सहकार्याने तेथे १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ बनू लागली. १९७४ पासून तीच गाडी ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने घराघरांत पोहोचली. १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरील गिअरची दांडी ही तिची ओळख होती. या शतकाच्या आरंभी तिचे उत्पादन थांबले. कोलकात्याजवळील उत्तरपाडा येथे बनणारी हिंदुस्थान मोटर्सची ॲम्बेसेडर मे २०१४ पर्यंत टिकली.

उत्पादन थांबल्यानंतरही पद्मिनीचे भाग अनेक वर्षे सहज मिळत राहिले. याचे श्रेय हौशी मालकांना नव्हे, तर मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींना जाते. रोज रस्त्यावर धावणाऱ्या हजारो टॅक्सींना भाग लागत, म्हणून ते बनवणारे व विकणारे टिकून होते. टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईत रस्त्यावर आली. वीस वर्षांची वयोमर्यादा पूर्ण होऊन ऑक्टोबर २०२३ अखेर ती निवृत्त झाली. त्या दिवशी अनेक मुंबईकर हळहळले. परंतु सुट्या भागांच्या व्यापाऱ्याच्या दृष्टीने त्या घटनेचा अर्थ अधिक रोकडा होता. त्याचे रोजचे गिऱ्हाईक गेले. वर्षातून एकदा येणाऱ्या हौशी मालकासाठी फळीवर माल ठेवणे कोणत्याही दुकानदाराला परवडत नाही.

म्हणून गाडीचे नाव घेऊन भाग मागणाऱ्याच्या पदरी दिवसेंदिवस अधिक निराशा येणार, हे गृहीत धरले पाहिजे. दिल्लीचे कश्मीरी गेट, कोलकात्याचा मल्लिक बाजार किंवा मुंबईतील कुर्ल्याचा जुन्या भागांचा बाजार येथे अजूनही काही हाती लागते. भिलाई ही मुंबई-हावडा लोहमार्गावर असल्याने मागवलेला माल पोहोचण्यातही अडचण नाही. परंतु त्याआधी घराजवळचे एक दार ठोठावून पाहणे शहाणपणाचे ठरते.

दोन दुकाने, दोन प्रश्न

मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात गेले की गल्ल्यामागून पहिला प्रश्न येतो, “गाडी कौन सी?” उत्तर ऐकताच नकारार्थी मान हलते. बेअरिंग आणि ऑइल सील विकणाऱ्या औद्योगिक मालाच्या दुकानात मात्र प्रश्न वेगळा असतो, “साइज बताइए.” सारा फरक या दोन प्रश्नांत आहे.

पहिल्या दुकानातील माल गाडीच्या नावाने लावलेला असतो. गाडी संपली की फळी रिकामी होते. दुसऱ्या दुकानातील माल मापाने लावलेला असतो. त्याच मापाचे सील पाण्याच्या पंपात, शेतीच्या अवजारात, कारखान्यातील लहान गिअरबॉक्समध्ये किंवा एखाद्या मोटारसायकलमध्येही लागत असते. मोटार कंपन्या बहुतेक सील स्वतः बनवत नसत. सील बनवणाऱ्या कारखान्यांच्या ठरलेल्या मापांतूनच आपल्या पेटीची आखणी करत. गाडीचे नाव काळाच्या पडद्याआड गेले तरी ते माप उद्योगात चालू राहते.

येथेच भिलाईसारख्या नगरीचा मोठा लाभ आहे. पोलाद कारखान्याच्या आधाराने नंदिनी रोडलगतच्या औद्योगिक क्षेत्रात यंत्रभाग बनवणारे व दुरुस्त करणारे अनेक लघुउद्योग वाढले. जेथे पट्टे, पंप आणि गिअरबॉक्स रात्रंदिवस चालतात, तेथे बेअरिंग-सीलची दुकाने आणि कुशल लेथ कारागीर असतातच. जुनवानीत उभ्या असलेल्या जुन्या गाडीचे सील दिल्लीला शोधण्यापूर्वी तेथे शोधले पाहिजे. अट एकच, दुकानात जाताना गाडीच्या नावाऐवजी अचूक माप हवे.

माप घेण्याची रीत

सीलचे माप तीन आकड्यांत सांगतात. पहिला आतील व्यास, दुसरा बाहेरील व्यास आणि तिसरा रुंदी. जुन्या सीलवर हे आकडे किंवा उत्पादकाचा क्रमांक उमटवलेला असतो. सील काढण्यापूर्वी पेट्रोलने पुसून, भिंगाखाली धरून तो क्रमांक वाचण्याचा प्रयत्न अवश्य करावा. अनेकदा तेवढ्यानेच काम होते.

आकडे पुसले गेले असतील तर व्हर्निअर कॅलिपरने माप घ्यावे. येथे एक खबरदारी महत्त्वाची आहे. जुने सील मोजू नये. ते फुगलेले, आकसलेले किंवा काढताना वाकलेले असते. आतील व्यासासाठी शाफ्ट मोजावा, कारण सीलवर छापलेला आतील आकडा हा शाफ्टचा व्यास असतो. ओठ प्रत्यक्षात त्याहून किंचित लहानच ठेवलेला असतो. शाफ्टही जेथे ओठ घासून चर पडली आहे तेथे न मोजता शेजारच्या अखंड भागावर मोजावा. बाहेरील व्यासासाठी पेटीतील खाच आणि रुंदीसाठी त्या खाचेची खोली मोजावी. प्रत्येक माप तीन ठिकाणी घेऊन ताडून पाहावे.

रुंदीच्या बाबतीत थोडी सवलत मिळते. खाचेपेक्षा कमी रुंदीचे सील बहुधा चालते, अधिक रुंदीचे चालत नाही. दोन्ही व्यासांच्या बाबतीत मात्र अंदाजाला जागा नाही.

इंच आणि मिलिमीटर

गाडीचे मूळ कोणत्या देशात आहे, हे माप वाचताना ध्यानात ठेवावे लागते. फियाट इटलीची, म्हणून तिची मापे मिलिमीटरमध्ये. ॲम्बेसेडर ही इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डची भारतीय आवृत्ती, तर जीप मूळची अमेरिकन. त्यांची मापे इंचांत आखलेली. आजच्या दुकानांत मिलिमीटरची मापे अधिक सहज मिळतात आणि ‘जवळपास तेच आहे’ असे म्हणून सील गळ्यात मारले जाण्याचा धोका असतो.

हे ‘जवळपास’ कधी चालते आणि कधी नाही, याचे गणित सोपे आहे. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. खाचेचा व्यास १ ३/८ इंच असेल तर तो ३४.९२५ मिलिमीटर होतो. तेथे ३५ मिलिमीटरचे सील केवळ ०.०७५ मिलिमीटरने मोठे असते आणि बहुधा नीट बसते. खाच १ १/४ इंचाची, म्हणजे ३१.७५ मिलिमीटरची असेल तर ३२ मिलिमीटरचे सील पाव मिलिमीटरने मोठे ठरते. सील घट्ट बसावे म्हणून ते मुळातच नाममात्र मापाहून किंचित मोठे बनवलेले असते. त्यात ही भर पडली की ते आत जाताना वाकडे होते. त्याचप्रमाणे एक इंचाच्या शाफ्टवर २५ मिलिमीटरचे सील चढवले तर ओठ वाजवीपेक्षा अधिक आवळला जातो आणि लवकर खराब होतो. इंची मापांची सील आजही बनतात. चौकशी करताना ‘इंची सील’ असे स्पष्ट सांगावे, म्हणजे दुकानदार योग्य यादी उघडतो.

रबराची जात आणि रबराचे वय

माप जुळले तरी रबर कोणते, हा प्रश्न उरतो. खनिज गिअर ऑइलसाठी नायट्राइल रबर योग्य व स्वस्त असते. व्हिटॉन या नावाने प्रसिद्ध असलेले रबर अधिक उष्णता सहन करते, पण स्टिअरिंग पेटी फारशी तापत नसल्याने तेथे त्याची निकड नसते. नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगते. ब्रेकच्या सिलिंडरमधील रबरी वाट्या निराळ्या द्रवासाठी निराळ्या रबराच्या बनवलेल्या असतात. आकार जुळतो म्हणून एका जागचे रबर दुसरीकडे वापरणे धोक्याचे आहे.

पॉवर स्टिअरिंग असलेल्या गाडीची गोष्ट आणखी वेगळी. १९५१ मध्ये अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीने ही सोय प्रथम विक्रीच्या मोटारीत आणली. त्यात द्रव मोठ्या दाबाखाली काम करतो. साधे ऑइल सील तो दाब सोसू शकत नाही. तेथे दाबासाठीच बनवलेले सील लागते, हे दुकानात स्पष्ट सांगितले पाहिजे.

जुन्या साठ्यातील ‘कंपनीचे मूळ सील’ हाती लागले की मालकाला हर्ष होतो. तो आवरून आधी त्याचे वय पाहावे. रबर वापराविना, पाकिटातही म्हातारे होते. नायट्राइलच्या वस्तू साठवण्याचा काळ साधारणपणे सात वर्षांचा धरतात. पस्तीस वर्षांपूर्वीचे पाकीट संग्रहासाठी मोलाचे असेल, पण ओठ नखाने दाबून आणि किंचित वाकवून पाहावा. बारीक भेगा दिसल्या किंवा ओठ चटकन पूर्ववत झाला नाही तर ते सील बसवू नये. त्याच मापाचे ताजे सील अधिक विश्वासाचे.

नवे सीलही गळते तेव्हा

नवे सील बसवूनही महिन्याभरात तेल झिरपू लागले तर दोष सीलला दिला जातो. पुष्कळदा दोष इतरत्र असतो. वर्षानुवर्षे एकाच जागी घासल्याने शाफ्टवर बारीक चर पडते आणि नवा ओठ नेमका तिच्यावरच येतो. सील मिलिमीटरभर वर किंवा खाली बसवता आले तर ओठाला अखंड पृष्ठभाग मिळतो. ते शक्य नसेल तर शाफ्टवर चढवण्याची पातळ पोलादी बाही मिळते. तीही नसेल तर शाफ्टवर कठीण क्रोमचा थर चढवून तो पुन्हा मूळ मापाला घासून घेता येतो. यंत्रभागांची अशी दुरुस्ती हे औद्योगिक नगरीतील कारखान्यांचे नित्याचे काम आहे.

दुसरे कारण बुशचे. ड्रॉप आर्म हाताने हलवून पाहिला असता शाफ्ट आडवा डुलत असेल तर आतील बुश झिजले आहेत. डुलणाऱ्या शाफ्टभोवती कोणतेही सील टिकणार नाही. बुश आधी, सील नंतर, हा क्रम पाळावा लागतो.

ॲम्बेसेडरसारख्या गाडीत मळसूत्री पेटीऐवजी रॅक-पिनियनची रचना आहे. जुन्या इंग्रजी पद्धतीच्या रॅकमध्ये तेल भरलेले असे आणि दोन्ही टोकांना भात्यासारख्या घड्यांचे रबरी बूट असत. तेथे गळती दिसली तर सीलच्या मागे लागण्यापूर्वी हे बूट फाटले आहेत का आणि त्यांच्या पट्ट्या सैल झाल्या आहेत का, ते पाहावे.

बसवताना घ्यायची काळजी

हे काम जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे. तरीही मालकाने चार गोष्टी माहीत करून घेतल्या तर कामावर नीट लक्ष ठेवता येते. गाडी केवळ जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर टेकवलेली असावी. ड्रॉप आर्म काढण्यापूर्वी तो आणि शाफ्ट यांवर जुळणीची खूण करावी, अन्यथा चक्र आणि चाके यांचा मेळ चुकतो. आर्म हातोड्याने ठोकून न काढता पुलरने ओढून काढावा. नवे सील चढवताना शाफ्टच्या धारदार दात्यांवर गुळगुळीत चिकटपट्टी गुंडाळावी, कारण ओठ बहुधा तेथेच चिरतो. ओठाला आधी तेल लावावे. स्प्रिंगची बाजू तेलाकडे असावी. सील चहूबाजूंनी सारख्या दाबाने, सरळ आत जावे. शेवटी नट पूर्ण आवळून त्याची कुलूपपट्टी किंवा पिन पुन्हा बसवली आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.

सील कोठेच मिळाले नाही तर

काही मोटारींची मापे खरोखरच आडवळणी असतात. तेव्हाही मार्ग उरतात. बाहेरील व्यास लहान असलेले सील मिळत असेल तर लेथवर एक धातूचे कडे बनवून खाच भरून काढता येते. दोन अरुंद सील एकापुढे एक बसवून रुंदीची उणीव काही वेळा भागवता येते. हायड्रॉलिक यंत्रांची दुरुस्ती करणाऱ्यांकडे योग्य रबराच्या किंवा पॉलियुरेथेनच्या नळकांड्यातून लेथवर हव्या त्या मापाचे सील कापून मिळते. साचा बनवून नवी सील घडवून घेणे एकट्याला महाग पडते. एकाच गाडीचे दहा-वीस मालक एकत्र आले तर तो खर्च वाटला जातो.

अशा वेळी ‘सगळे स्टिअरिंगच नव्या गाडीचे बसवू’ हा सल्ला हमखास मिळतो. तो स्वीकारण्यापूर्वी कायद्याचा विचार करावा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही. शिवाय जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ‘व्हिंटेज’ वाहनांच्या नोंदणीचे स्वतंत्र नियम जारी केले. प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि मोठे फेरफार न झालेली दुचाकी व चारचाकी वाहने त्यांत येतात. अशा वाहनाला क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे मिळतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये व मुदत दहा वर्षे असून पुनर्नोंदणीचे शुल्क ५,००० रुपये ठरवण्यात आले. ही वाहने प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा कारणांपुरती रस्त्यावर आणता येतात, रोजच्या किंवा व्यापारी वापरासाठी नाही. सर्वांत जुन्या पद्मिनी आता पन्नाशी ओलांडू लागल्या आहेत. आज घाईने केलेला मोठा बदल उद्या या नोंदणीच्या आड येऊ शकतो. योग्य मापाचे सील बसवणे ही मात्र निव्वळ देखभाल होय.

विम्याच्या बाबतीतही दक्षता हवी. पाच वर्षांहून जुन्या किंवा उत्पादन बंद झालेल्या मोटारीचे विमा मूल्य विमा कंपनी आणि मालक यांच्या परस्पर संमतीने ठरते. दुरुस्तीची बिले, बदललेल्या भागांची नोंद आणि छायाचित्रे जपून ठेवली असतील तर ते मूल्य पटवून देणे सोपे जाते.

एक पान मापांचे

जुन्या मोटारींबरोबर त्यांचे जुने मिस्त्रीही निवृत्त होत आहेत. कोणत्या गाडीला दुसऱ्या कोणत्या यंत्राचे सील चालते, हे ज्ञान त्यांच्या बोटांत आणि स्मरणात होते. ते कागदावर क्वचितच उतरले. एखादा मिस्त्री काम सोडून गावी गेला की त्याच्याबरोबर अनेक गाड्यांची मापेही जातात.

यावरचा उपाय प्रत्येक मालकाच्या हातात आहे आणि त्याला खर्च नाही. सील बदलले त्याच दिवशी एका वहीत गाडीचे वर्ष, शाफ्टचा व्यास, खाचेचा व्यास आणि खोली, बसवलेल्या सीलचा क्रमांक, रबराचा प्रकार, दुकानाचे नाव आणि तारीख लिहावी. स्टिअरिंगबरोबरच चाकांच्या, गिअरबॉक्सच्या आणि इंजिनाच्या सीलची मापेही संधी मिळेल तशी त्यात उतरवावीत. ही वही नोंदणी पुस्तक आणि विम्याच्या कागदांसोबत ठेवावी. घरात ठेवींची आणि पॉलिसींची यादी पुढच्या पिढीसाठी लिहून ठेवण्याचा जो सुज्ञ परिपाठ आहे, त्यातलाच हा एक भाग समजावा. पुढे गाडी मुलाकडे गेली, नातीकडे गेली किंवा एखाद्या जाणकाराला विकली गेली, तरी तिच्याबरोबर ते एक पान गेले पाहिजे. मग कोणत्याही गावात, कोणत्याही दुकानात “साइज बताइए” असा प्रश्न आला, तर उत्तर तयार असेल.